नववी ‘ब’च्या चिठ्ठ्या : एका शाळेतल्या पीटीच्या तासाचा प्रकरण अभ्यास

शाळा आणि मैदान

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याजवळ असलेली ही अनुदानित मराठी शाळा दोन अधिवेशनांत भरते. आठवी ते दहावी सकाळी सातला, पाचवी ते सातवी दुपारी. मुलं दांडेकर पूल, जनता वसाहत, लक्ष्मीनगर या भागांतली. आमच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे छात्राध्यापक आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत शिकवण्याच्या सरावासाठी, तिथे असतात आणि त्यांचे पाठ पाहायला मी जाते, एवढाच माझा या शाळेशी संबंध. शाळेचं नाव लिहीत नाही. वाचणाऱ्यांतल्या निम्म्या शिक्षकांना हे आपल्याच शाळेबद्दल आहे असं वाटेल, आणि वाटलं तर बरंच.

मैदान ४० मीटर लांब, २५ मीटर रुंद. एका कडेला शिक्षकांच्या दुचाक्या, दुसऱ्या कडेला पाण्याची टाकी. खो-खोचं पूर्ण मापाचं मैदान २७ बाय १६ मीटरचं; ते इथे बसतं आणि बसल्यावर फक्त कड उरते. शहराच्या या भागातल्या शाळांच्या मानाने हे मैदान ऐसपैसच म्हणायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावं एवढंच लिहिलं आहे, किती मोठं ते लिहिलेलं नाही. त्यामुळे चार भिंतींच्या मधल्या मोकळ्या फरशीलाही कागदावर क्रीडांगण म्हणता येतं. इथे निदान मुरूम आहे.

नववी ‘ब’चा पट साठ, त्यात मुली २८. पीटीचे तास आठवड्याला दोन, बुधवारी आणि शनिवारी, ३५ मिनिटांचे. सकाळच्या सगळ्या तुकड्यांना मिळून क्रीडाशिक्षक एकच. सर स्वतः खो-खो खेळलेले, आणि शाळेचा मुलींचा संघ १७ वर्षांखालील गटात महापालिका पातळी ओलांडून विभागापर्यंत जातो तो त्यांच्यामुळे. डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास ज्या खेळाचे नियम पहिल्यांदा लिहून काढले, त्या खेळाचा संघ पुण्यातल्या शाळेत असणं यात नवल नाही. पण खांब रोवून, मुरूम दाबून, सकाळी सहाला मैदानावर उभा राहणारा शिक्षक असणं ही चैन सगळ्या शाळांना परवडत नाही. सरांबद्दल पुढे जे येईल ते वाचताना हे ध्यानात असू द्यावं.

जुलैमधली धाव

प्रकरण सुरू झालं ते शारीरिक क्षमता चाचणीपासून. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेतल्या चाचणीत नऊ वर्षांवरच्या मुलांसाठी उंची-वजनावरून काढायचा बीएमआय, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव, बसून पुढे वाकणे, पोटाचे व्यायाम आणि दंड असे घटक असतात. गुण ॲपमध्ये भरायचे. शाळेला ते मुदतीत भरायचे होते.

५० मीटर धाव या मैदानावर होऊच शकत नाही. कर्णावर मोजलं तरी अंतर ४७ मीटर भरतं. नववीला पायथागोरस शिकवणाऱ्या बाईंनी ते तोंडी काढून दिलं. त्यासाठी मुलांना सणस मैदानावर न्यायचं ठरलं. ६०० मीटर मात्र शाळेतच घ्यायचं, कडेपासून थोडं आतून पाच फेऱ्या. पाच फेऱ्या म्हणजे वीस कोपरे. प्रत्येक कोपऱ्यावर वेग तोडायचा, वळायचं, पुन्हा वेग घ्यायचा. ४०० मीटरच्या धावपट्टीवरच्या ६०० मीटरशी या धावेची तुलना करता येत नाही, पण ॲपमध्ये रकाना एकच.

बुधवार, तिसरा तास. म्हणजे सव्वाआठनंतर, छोट्या सुट्टीच्या आधी. मुली सलवार-कमीजमध्ये, ओढणी दोन्ही खांद्यांना पिनांनी लावलेली, पायात शाळेचे काळे बूट. तासात सगळं उरकायचं म्हणून अंग मोकळं करण्यात वेळ न घालवता आठ-आठच्या गटांनी पळवलं. सगळ्या पहिल्या फेरीत ५० मीटर पळाव्यात तशा सुटल्या, तिसऱ्या फेरीत निम्म्या चालू लागल्या. ज्या पुऱ्या करत होत्या त्यांना रेषेजवळच रांगेत उभं केलं जात होतं, हजेरी क्रमांकाने वेळ लिहून घ्यायची म्हणून. त्या रांगेत एक मुलगी दोनेक मिनिटं उभी राहिली आणि उभ्याची आडवी झाली. हनुवटी फुटली, टाके पडले.

तिची आई कामावरून धावत आली. ती मुख्याध्यापिकांना एवढंच म्हणाली, “बाई, माझ्या पोरीला शिकवा. पळवू नका.”

बाईंनी त्याच आठवड्यात सूचनावही फिरवली: ज्या विद्यार्थिनींना काही त्रास असेल त्यांनी पालकांची चिठ्ठी आणावी, त्यांना मैदानी तासातून सूट मिळेल. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून पाहिलं तर सूचना वाजवी होती. उद्या आणखी कोणी पडली तर उत्तर त्यांनाच द्यायचं होतं.

पहिल्या आठवड्यात तीन-चार चिठ्ठ्या आल्या. स्वातंत्र्यदिनापर्यंत निम्म्या मुली चिठ्ठी घेऊन येत होत्या.

चिठ्ठ्या वाचताना

आमची छात्राध्यापिका ऑगस्टमध्ये तिथे रुजू झाली तेव्हा सरांनी तिला कपाटातला गठ्ठा दाखवला आणि हसत म्हणाले, “ही बघा आमची नववी ब. सगळ्याच आजारी.” सरांचं म्हणणं असं की मुली आठवीपर्यंत खेळतात, नववीत आल्या की लाजतात, आळसावतात, त्याला इलाज नाही. स्टाफरूममध्येही हेच मत होतं. मीही अनेक शाळांत ते ऐकलेलं आहे, इतक्या सहजपणे की कोणी ते तपासून पाहत नाही.

छात्राध्यापिकेने एक साधी गोष्ट केली. गठ्ठा घरी नेला आणि वारांप्रमाणे लावला. बुधवारचा ढीग जाड, शनिवारचा पातळ. काही मुली बुधवारी न चुकता आजारी आणि शनिवारी ठणठणीत. कारणं तीच ती: पोटात दुखतं, पाय मुरगळला, चक्कर येते, उपवास आहे. चार चिठ्ठ्यांवर चार वेगवेगळ्या आयांच्या सह्या, पण अक्षर एकाच मुलीचं, आणि तेही वळणदार. कोणाचंही लक्ष गेलं असतं ते या बनवाबनवीकडे. तिने ते मुलींना बोलूनही दाखवलं नाही, आणि तिथेच हे प्रकरण उलगडण्याची शक्यता तयार झाली. सह्यांची चौकशी लावली असती तर पुढचं काहीच कळलं नसतं.

आजार वार पाहून येत नाही, मग बुधवारात काय आहे? सरांचं उत्तर होतं की शनिवारी अर्धा दिवस, मुली खुशीत असतात. ताईने (मुली तिला ताईच म्हणत) दोन बुधवार चिठ्ठीवाल्या मुलींबरोबर पायरीवर बसून काढले. सर पलीकडे शिट्टी वाजवत होते, त्यामुळे बोलणं मोकळं झालं.

पहिलं निघालं ते कपड्यांचं. शनिवारी सगळी शाळा पीटीच्या गणवेशात, ट्रॅक पँट आणि टी-शर्ट. बुधवारी सलवार-कमीज. त्यात पळायचं, घामाघूम व्हायचं आणि मग त्याच कपड्यांत पुढचे चार तास पंखा बंद असलेल्या वर्गात मुलांच्या शेजारच्या रांगेत बसायचं. एक मुलगी म्हणाली, “ताई, वास येतो. मग ते नाक धरतात.” चौदा वर्षांच्या मुलीला चिठ्ठी लिहायला एवढं कारण पुरेसं आहे. मला तर मोठ्या माणसालाही पुरेल असं वाटतं.

दुसरं पाळीचं. क्रीडाशिक्षक पुरुष, तेव्हा ‘पोटात दुखतं’ याच्या पलीकडे काही लिहिलं जाणं शक्यच नव्हतं. पण दुखण्यापेक्षा अडचण स्वच्छतागृहाची होती. मैदानाजवळचं मुलींचं स्वच्छतागृह तास चालू असताना कुलपात असायचं, किल्ली मावशींकडे, आणि मावशी त्या वेळी वरच्या मजल्यावर. किल्ली मागायला मुलांच्या घोळक्यातून जायचं. हे सगळं टाळायचं तर चिठ्ठी.

तिसरं कारण मात्र कोणाच्याच डोक्यात नव्हतं. “आम्ही चिठ्ठी नाही आणली तरी बसूनच असतो. मग इथे सावलीत बसलेलं काय वाईट?”

चार जणी

या वाक्याची शहानिशा करायला फार काही लागत नाही, खो-खोचे नियम पुरतात. एका वेळी नऊ जणी आक्रमणाला. त्यातल्या आठ चौकात बसलेल्या, एक पळणारी. समोर संरक्षणाला तीन जणी. म्हणजे कोणत्याही क्षणी धावत असतात चार. वर्गात मुली २८. उरलेल्या २४ पैकी आठ पाटीवर बसून ‘खो’ची वाट पाहतात आणि सोळा मैदानाबाहेर. खेळ रंगात असेल तर खो भराभर फिरतो आणि बसलेल्या आठही जणी पाळीपाळीने पळतात, हे खरं. पण या वर्गात शाळेच्या संघातल्या सहा मुली होत्या. सामना अडू नये म्हणून त्या एकमेकींनाच खो द्यायच्या. बाकीच्या चौकात बसून राहायच्या, आणि उठल्याच तर दिशा चुकली म्हणून ओरडा खायच्या.

आमच्या क्षेत्रात एक जुनी निरीक्षण पद्धत आहे: तासभर सगळ्या वर्गाकडे न पाहता एकाच विद्यार्थ्यावर नजर ठेवायची आणि तो प्रत्यक्ष हलतो किती, शिकतो किती, वाट पाहतो किती हे लिहीत जायचं. छात्राध्यापिकेने संघाबाहेरची, चिठ्ठी न आणलेली एक मुलगी निवडली. वर्गातून मैदानावर येणं, रांग, हजेरी, दोन संघ पाडणं यात तासाचा मोठा तुकडा गेला. त्यानंतर ती मुलगी बाहेर उभी राहिली, मग चौकात बसली, मग घंटा झाली. तिची एकूण हालचाल म्हणजे जिन्यावरून खाली येणं आणि परत वर जाणं.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. शाळेच्या वेळापत्रकात पीटीला आठवड्याची मिळून ७० मिनिटं. तेव्हा शाळेने एकट्याने ही गरज भागवावी अशी अपेक्षा कोणी करू नये. पण याच भागातल्या मुलींना संध्याकाळी खेळायला बाहेर पडता येत नाही. घरी पाणी भरणं, धाकट्या भावंडाला सांभाळणं असतं. त्यांच्यासाठी ही ७० मिनिटं हीच काय ती.

मुलांची गोष्टही वेगळी नव्हती, फक्त दिसत नव्हती. सर मुलींकडे असताना ३२ मुलं उरलेल्या कडेवर टेनिस बॉलने क्रिकेट खेळायची. बॅट त्याच चौघांच्या हाती, बाकीचे दुचाक्यांना टेकून. त्यांना चिठ्ठी लागत नव्हती कारण त्यांच्यावर कोणाचं लक्षच नव्हतं. दुचाक्यांना टेकलेली हीच पोरं मुलींच्या पळण्यावर शेरे मारत.

ती का पडली

टाके पडलेल्या मुलीबद्दल दोन समजुती पसरल्या होत्या. शिक्षकांची, की ती अशक्त आहे. पालकांची, की तिला फार पळवलं. आरोग्य शिकवणाऱ्या विज्ञानाच्या बाईंनी तिसरी बाजू मांडली आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती पळताना पडली नव्हती. पळून झाल्यावर, रांगेत उभी असताना पडली. जोरात पळताना पायांकडे रक्ताचा ओघ वाढतो आणि पायांचे स्नायू आवळत-सुटत ते रक्त वर ढकलत राहतात. एकदम थांबून ताठ उभं राहिलं की ते ढकलणं बंद होतं, रक्त पायांत साचतं, रक्तदाब उतरतो, मेंदूला पुरवठा कमी पडतो. मग चक्कर. उपाय दोन मिनिटांचा: रेषा ओलांडल्यावर चालत राहायचं. आली चक्कर तर आडवं करून पाय वर घ्यायचे. हजेरी क्रमांकाने रांग लावणं हाच धोका होता, आणि ती रांग केवळ वेळ लिहिण्याच्या सोयीसाठी होती.

त्यात ती उपाशी. सातची शाळा, म्हणून घर सहाला जागं होतं. चहा-बिस्किट खाऊन निघालेली मुलगी साडेआठला पळाली. आठवीपर्यंत शाळेत पोषण आहार मिळतो, नववीपासून नाही. मुलगी आठवीतून नववीत जाते तेव्हा तिची भूक वाढलेली असते, पाळी सुरू झालेली असते, आणि नेमकी तेव्हाच खिचडी बंद होते. या योगायोगाकडे आपल्याकडे कोणी फारसं पाहत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे वर्गात २८ मुली असतील तर रक्तक्षय हा अपवाद धरून चालत नाही.

विज्ञानाच्या बाईंनी आईला पुन्हा बोलावलं. या वेळी पळण्याचा विषयच काढला नाही, रक्त तपासून घ्या एवढंच सांगितलं. हिमोग्लोबिन या वयाच्या मुलींत १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. तिचं बरंच खाली होतं. शाळेत लोहाच्या निळ्या गोळ्या आठवड्याला मिळत होत्या. त्या खिडकीबाहेर जात, कारण सकाळी उपाशीपोटी घेतल्यावर मळमळत असे. बाईंनी गोळीचा वार तोच ठेवला, वेळ तेवढी छोट्या सुट्टीत डबा खाल्ल्यानंतरची केली, आणि स्वतः वर्गात बसून डबा खाऊ लागल्या. गोळ्या खिडकीबाहेर जाणं बऱ्यापैकी थांबलं.

सरांची बाजू

मी आणि छात्राध्यापिका सरांशी बोललो तेव्हा ते दुखावले. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं देते, कारण ते नुसतं बाजूला सारण्यासारखं नाही. “मॅडम, साठ पोरांना हलवण्यापेक्षा बारा पोरी राज्याला नेणं सोपं आहे. संघ गेला तर संस्था विचारते, पेपरात फोटो येतो. वर्गातली शेवटची पोरगी पळाली का, हे मला आजवर एकाही साहेबाने विचारलेलं नाही.”

शिवाय क्रीडा गुणांचा प्रश्न होता. ठरावीक पातळीपर्यंत गेलेल्या खेळाडूंना दहावीत वाढीव गुण मिळतात. संघातल्या मुलींच्या आयांना हे तोंडपाठ होतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिलांनी प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला, तेव्हापासून तर पालकांना या खेळात काही भवितव्य दिसू लागलं होतं. पीटीचा तास हा संघाचा सराव होता आणि त्यात वर्गाला जमेल तसं बसवलेलं होतं, असं सरांनी प्रांजळपणे सांगितलं. सकाळी सहाचा सराव पावसाळ्यात बुडतो, संध्याकाळी मैदान दुपारच्या अधिवेशनाकडे, आणि गणपतीआधीचे दोन महिने तर ढोल-ताशा पथकाकडे. पथकाचं भाडं संस्थेला मिळतं. ढोल ताडपत्रीखाली मैदानाच्या कडेलाच राहतात आणि पायांखाली फक्कीची, म्हणजे आखणीच्या पांढऱ्या भुकटीची, एकही रेघ शिल्लक राहत नाही. शालेय स्पर्धांचा मोसमही नेमका तेव्हाच. सराव करायचा तर कधी?

या प्रश्नाला माझ्याकडेही झटकन देण्यासारखं उत्तर नव्हतं. ठरलं ते एवढंच की संघाचा सराव आणि वर्गाचा तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी कागदावर मान्य करायचं.

काय बदललं

सगळ्यात आधी कुलूप निघालं. त्याला बैठक लागली नाही. मुख्याध्यापिकांनी मावशींना बोलावून सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून स्वच्छतागृह उघडं राहू लागलं. या प्रकरणातला सर्वांत स्वस्त उपाय हा, आणि तो आधी कोणाला सुचला नाही कारण कोणी विचारलं नव्हतं.

बुधवारीही पीटीचा गणवेश चालेल, ही सूचना त्यामागोमाग. काही शिक्षकांना हे खटकलं. शिस्त जाते म्हणाले. मुख्याध्यापिकांनी ऐकून घेतलं आणि सूचना काढली.

तास हलवणं सोपं नव्हतं. वेळापत्रकात एक तास सरकवला की सहा सरकतात. शेवटी बुधवारचा तास छोट्या सुट्टीनंतर आला, म्हणजे मुली खाऊन मैदानावर येऊ लागल्या. त्याबदली बीजगणिताचा तास आधी गेला. गणिताच्या सरांनी हे का मान्य केलं ते नंतर कळलं: खेळून आलेला वर्ग त्यांना नको होता, ताजा वर्ग मिळाला.

तासाची रचना छात्राध्यापिकेने क्रीडाशिक्षकांबरोबर बसून नव्याने बांधली. मैदानाचे फक्कीने चार भाग. मुलं-मुली मिळून साठ जण चार गटांत, दर सात मिनिटांनी शिट्टी आणि गट पुढच्या भागात. एका भागात दोरीवरच्या उड्या. दुसऱ्यात खो-खोचं फक्त उठणं, दिशा घेणं आणि खो देणं, तीन-तीनच्या टोळ्यांत, खांबाशिवाय. त्यामुळे कोणालाही मिनिटभरापेक्षा जास्त बसावं लागत नाही. तिसऱ्यात आखलेल्या चौकोनात लंगडी. चौथ्यात लेझीम. चारही भागांची जबाबदारी संघातल्या सहा मुलींवर आणि क्रिकेटच्या त्या चौघांवर वाटून दिली. आता या मुलींना खो कसा घ्यायचा ते दुसरीला शिकवावं लागत होतं. सरांनी नंतर कबूल केलं की त्यामुळे या मुलींना स्वतःच्या उठण्यातल्या चुका दिसू लागल्या.

पहिल्या दिवशी गोंधळ झाला. साठ जण एकाच वेळी हलले की मैदान लहान पडतं, धूळ उडते, दोरी लंगडीच्या चौकोनात जाते. लेझीम तर दुसऱ्याच आठवड्यात बंद करावी लागली. तळमजल्यावरच्या दहावीच्या वर्गाला काही ऐकू येईना. तिथे मग सूर्यनमस्कार आले, जे मुलांना कंटाळवाणे वाटतात, आणि खरं सांगायचं तर सात मिनिटं सलग घातले तर असतातच. चौथ्या भागाचं काय करायचं हे शेवटपर्यंत नीट सुटलं नाही.

चिठ्ठ्या बंद केल्या नाहीत. फक्त त्या आता सरांना न देता विज्ञानाच्या बाईंना द्यायच्या होत्या, आणि चिठ्ठीवाल्या मुलीने पायरीवर न बसता मैदानावर काम करायचं होतं: स्टॉपवॉच धरणं, फेऱ्या मोजणं, शिट्टी देणं. पुरुष शिक्षकाच्या हाती चिठ्ठी जाणार नाही म्हटल्यावर कारणं खरी येऊ लागली. एका मुलीने स्पष्ट ‘पाळी आहे, पण मी दोरी सोडून बाकीचं करीन’ असं लिहिलं. दिवाळीपर्यंत बुधवारचा ढीग शनिवारच्या ढिगाएवढा पातळ झाला.

सहाशे मीटर पुन्हा घेतलं ते दिवाळीच्या सुट्टीनंतर, हवेत गारवा आल्यावर. त्याआधीच्या तासांत मुलींना एकच गोष्ट शिकवली होती: पहिली फेरी इतकी हळू पळा की शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. जोड्या लावल्या. एक पळणार, दुसरी तिची वेळ लिहिणार आणि रेषा ओलांडली की तिचा हात धरून आणखी एक फेरी चालवणार. रांग नाही. चाचणी एका तासात उरकली नाही, दोन बुधवार लागले. जुलैत पडलेली मुलगीही पळाली. तिच्या आईने आधी विज्ञानाच्या बाईंना विचारलं, मग ती स्वतः येऊन टाकीजवळ उभी राहिली. मुलीने चौथ्या फेरीत चाल घेतली, पाचवी पुन्हा पळाली. तिची वेळ काही चांगली नव्हती. पुढच्या महिन्यात तपासलेलं हिमोग्लोबिन वर आलं होतं, १२ ला मात्र अजून पोचलं नव्हतं.

जे सुटलं नाही

संघाचं नुकसान झालं. तासातला सराव गेल्यामुळे सरांनी तो शाळा सुटल्यावर साडेबाराला ठेवला, उन्हात, दुपारचं अधिवेशन मैदानावर यायच्या आतल्या अर्ध्या तासात. दोन मुली घरच्या कामांमुळे थांबू शकत नव्हत्या, त्यांनी संघ सोडला. त्यांपैकी एकीची आई अजूनही छात्राध्यापिकेला बोल लावते, आणि तिच्या जागी मी असते तर मीही लावला असता. तिच्या मुलीचे क्रीडा गुण गेले ते दुसऱ्यांच्या मुली पळाव्यात म्हणून. त्या वर्षी संघ महापालिका पातळीवरच हरला. सराव कमी पडला म्हणून की अंतिम सामन्यात दोघी लवकर बाद झाल्या म्हणून, यावर स्टाफरूममध्ये मतं दोन आहेत.

हीच रचना इतर तुकड्यांत नेण्याचं ठरलं होतं. आठवीत ती चालली. तिथे मैदानाची जबाबदारी घ्यायला मोठ्या मुली तयार होत्या. नववी ‘अ’मध्ये चालली नाही. तिथला तास सरांना एकट्याने घ्यावा लागला, छात्राध्यापिका नव्हती, आणि चार भागांवर एका माणसाने नजर ठेवायची म्हणजे पहिल्या महिन्यात तरी नुसती धावपळ. आंतरवासिता संपल्यावर नववी ‘ब’ची रचनाही ढिली पडेल अशी भीती होती. ती पडली नाही, कारण संघातल्या मुलींनाच ती आवडली होती.

मार्चमध्ये पुढच्या वर्षाचं वेळापत्रक करायला बसले तेव्हा हीच तुकडी दहावीत जाणार हे सगळ्यांच्या लक्षात होतं. दहावीला आरोग्य व शारीरिक शिक्षणाला श्रेणी असते, टक्क्यांत ती धरत नाहीत, आणि ती श्रेणी शाळाच देते. तेव्हा तास नाही झाले तरी निकालावर काही दिसत नाही. शनिवारचा तास ठेवायला सगळे तयार झाले. बुधवारचा बीजगणिताला मागितला. विज्ञानाच्या बाई अडून बसल्या; क्रीडाशिक्षक या वेळी त्यांच्या बाजूने बोलले, आणि सर वर्गाच्या तासासाठी भांडत आहेत हे मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. तडजोड अशी झाली की दिवाळीपर्यंत दोन्ही तास राहतील, दिवाळीनंतर बुधवारचा तास सराव परीक्षांना जाईल. माझ्या मते तो जाऊ नये, कारण रक्तक्षय असलेल्या मुलींना परीक्षेच्या महिन्यांत बसवून ठेवल्याने त्यांचं बीजगणित सुधारत नाही. मुख्याध्यापिकांनी हे लिहून द्यायला सांगितलं आहे. ते निवेदन शाळा समितीच्या जूनच्या बैठकीत ठेवलं जाणार आहे.